संगणक घेतांना : दोन प्रोसेसर, दोन घराणीं



भाजी घ्यावयास गेलेली गृहिणी भेंडीचें टोंक मोडून पाहते, आणि नारळ कानाशीं नेऊन हालविल्याखेरीज तो पिशवींत पडत नाहीं. ही संवय आपण वडिलांकडून घेतलेली आहे. पण हींच शहाणीं माणसें संगणकाच्या दुकानांत शिरलीं म्हणजे समोरचा तरुण जे आंकडे उच्चारील त्यांस माना डोलवितात आणि चाळीस-पन्नास हजारांची रक्कम मोजून बाहेर पडतात. हा नारळ कसा वाजवून पाहावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे. विषय थोडा रुक्ष आहे; म्हणून घरांतल्याच एका गोष्टीनें आरंभ करतों.

माझी थोरली बहीण पुण्यास असते. घरीं बसून मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करणें हा गेलीं पंधरा वर्षें तिचा व्यवसाय. तिच्याकडील संगणक २०१७ सालीं घेतलेला. काम चोख करीत होता. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा आधार संपला, आणि विंडोज ११ ज्या प्रोसेसरांस अधिकृतपणें मान्यता देते त्यांच्या यादींत तिचा प्रोसेसर बसेना. आणखी एक वर्षाची मुदतवाढ मिळविण्याची सोय होती. पण मुदतवाढ म्हणजे उत्तर नव्हे. लोकांचीं हस्तलिखितें जिच्या यंत्रांत असतात तिनें सुरक्षिततेची दुरुस्ती न मिळणाऱ्या यंत्रावर विसंबून राहणें बरें नव्हे. तेव्हां नवा संगणक घेण्याचें ठरलें, आणि त्याबरोबर घरांत दोन पक्ष पडले.

एक पक्ष तिच्या मुलाचा. तो वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसां यंत्र आईचें, रात्रीं त्याचें. तो म्हणाला, "मामा, एएमडीचा रायझनच घ्यायला हवा. पुढें नुसता प्रोसेसर बदलला कीं यंत्र नवें!" ताई म्हणाली, "तुझें पुढचें पुढें. मला सोमवारीं छापखान्याला पानें द्यायचीं आहेत." शेजारच्या गृहस्थांनीं तिला सांगितलें होतें कीं, इंटेलखेरीज दुसरें कांहीं घेऊं नका. साठविलेले पैसे तिचे, आणि निर्णय करावयास बोलावलें मला. भीड अशी कीं, सल्ला चुकला तर तिच्या रोजच्या मिळकतीवर गदा यावयाची.

आतां प्रथम दोन शब्द समजावून घेऊं. प्रोसेसर हा संगणकांत सारी आंकडेमोड करणारा भाग. आगपेटीहून फारसा मोठा नसलेला, चपटा. हा एकटा कांहीं करूं शकत नाहीं. त्याला बसावयास मदरबोर्ड नांवाची पाटी लागते. त्या पाटीवर त्याच्याच मापाचें बैठें, म्हणजे सॉकेट, लागतें. आणि त्या पाटीस मानवेल अशीच रॅम, म्हणजे कामापुरती स्मृति, लागते. प्रोसेसर, सॉकेट, पाटी व रॅम या सर्वांच्या मेळास 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. सोयरीक जुळवितांना आपण मुलगा पाहतों तसें घराणेंहि पाहतों. कारण नांदावयाचें असतें तें घरांत. येथेंहि प्रोसेसर हा मुलगा आणि प्लॅटफॉर्म हें घराणें. दुकानदार बहुधा मुलाचेंच वर्णन करतो. घराण्याची चौकशी आपणच करावयाची असते.

आमच्यापुढें स्थळें दोन होतीं. पहिलें इंटेलचा कोअर आय५-१४४००, जानेवारी २०२४ मध्यें बाजारांत आलेला. दुसरें एएमडीचा रायझन ५ ७६००, जानेवारी २०२३ मधला. दोन्ही कंपन्या अमेरिकेंतील. इंटेल १९६८ सालीं स्थापन झालेली आणि एएमडी त्यानंतर एका वर्षानें, १९६९ सालीं. दोघींच्या प्रोसेसरांवर तेंच विंडोज आणि तींच सॉफ्टवेअरें चालतात. म्हणून 'अमक्यावर माझें काम चालेल ना?' ही पहिली धास्ती मनांतून काढून टाकावी. अक्षरजुळणी दोन्हींवर होते, नकाशे दोन्हींवर निघतात.

मग फरक कोठें आहे? इंटेलच्या या प्रोसेसरांत १० गाभे आहेत. पैकीं ६ मोठे व वेगवान, आणि ४ लहान व काटकसरी. मोठा गाभा एका वेळीं कामाचे दोन धागे ओढतो, लहान एकच. म्हणून एकूण धागे १६. रायझनमध्यें ६ च गाभे आहेत, पण सारे मोठे, धागे १२. रायझनची जवळची स्मृति, जिला कॅश म्हणतात, ती ३२ मेगाबाइट. इंटेलची २० मेगाबाइट. कमाल गति रायझनची ५.१ गिगाहर्ट्झ, इंटेलची ४.७. या आंकड्यांचा व्यवहारांतला अर्थ असा कीं, खेळांत रायझन पुढें राहतो. आणि एकाच वेळीं पुष्कळ धागे लागणाऱ्या कामांत, उदाहरणार्थ इमारतीचें रंगीत चित्र गणित करून उमटविण्यांत, इंटेलचे जादा गाभे उपयोगीं पडतात. परंतु पानें जुळवितांना हा फरक ताईला जाणवण्यासारखा नाहीं. सोळा वाढपी असले काय आणि बारा असले काय, पंगतीला चारच पानें मांडलीं असतील तर जेवण एकाच वेळीं संपतें.

आतां उष्णता आणि वीज. दोन्ही पेट्यांवर ६५ वॅट हाच आंकडा छापलेला असतो, आणि तेथेंच माणूस फसतो. इंटेलच्या बाबतींत ६५ वॅट ही मूळ वेगाची मर्यादा. भरपूर काम पडलें म्हणजे हा प्रोसेसर १४८ वॅटपर्यंत ओढूं शकतो. रायझनची तशी वरची मर्यादा ८८ वॅट आहे. म्हणजे पूर्ण भारांत फरक सुमारें ६० वॅटचा. हिशेब करून पाहूं. रोज एक तास पूर्ण भार आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर हा फरक १८ युनिटांचा होतो. युनिटास १० रुपये धरले तरी वर्षाला १८० रुपये. या रकमेसाठीं स्थळ नाकारण्याचें कारण नाहीं. मात्र ज्यांचें काम तासन् तास पूर्ण भाराचें असतें, आणि ज्यांची खोली लहान व उन्हाळ्यांत तापणारी असते, त्यांनीं पंख्याचा आवाज व उष्णता यांचा विचार अवश्य करावा.

यानंतर घराण्याची चौकशी. आणि खरी गुंतागुंत येथेंच आहे.

इंटेलचें सॉकेट दोन-तीन वर्षांनीं बदलत आलेलें आहे. २०१५ सालीं एलजीए ११५१ आलें. २०१७ च्या ऑक्टोबरांत आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांच्या बैठ्याचा आंकडा तोच ११५१, पण जुन्या पाट्यांवर ते चालत नसत. पुढें २०२० सालीं एलजीए १२००, २०२१ च्या अखेरीस एलजीए १७००, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें एलजीए १८५१. आमचा आय५-१४४०० एलजीए १७०० वर बसणारा. या बैठ्यावर बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर आले, आणि त्यानंतरची मुख्य मालिका नव्या बैठ्यावर गेली. याचा अर्थ या पाटीवर पुढें चढण्यास पायऱ्या नाहींत असें नव्हे. आय७ किंवा आय९ चे त्याच पिढीचे प्रोसेसर तीवर बसतात. पण जिना कोठें संपतो तें आजच दिसतें.

एएमडीनें याबाबत निराळी चाल धरली. तिचें एएम४ हें बैठें पहिल्या रायझनांसह मार्च २०१७ मध्यें घरोघर पोंचूं लागलें, आणि एप्रिल २०२२ मध्यें आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसरहि त्याच बैठ्याचा होता. पाटीच्या कंपनीनें बायॉस, म्हणजे पाटीची आरंभसूचना, अद्ययावत् करून दिली असेल तर पांच वर्षांपूर्वींच्या कित्येक पाट्यांवर तो चालला. हें औदार्य सर्वस्वी आपण होऊन केलेलें होतें असें मात्र समजूं नये. २०२० सालीं एएमडीनें जुन्या पाट्यांस नवे प्रोसेसर मिळणार नाहींत असें जाहीर केलें होतें. ग्राहकांनीं ओरड केली, तेव्हां तिनें तो निर्णय फिरविला. रायझन ७६०० ज्यावर बसतो तें एएम५ बैठें सप्टेंबर २०२२ मधलें. त्यावर ७००० मालिका आली आणि ऑगस्ट २०२४ पासून ९००० मालिकाहि आली. २०२७ पर्यंत व त्यापुढेंहि हें बैठें चालवूं असें कंपनीनें जाहीर केलेलें आहे. तेव्हां भाच्याचें म्हणणें पोकळ नव्हतें. घराणें टिकणारें पाहिजे असेल तर एएम५ कडेच कल झुकतो.

पण आतां रॅमकडे या. एएम५ फक्त डीडीआर५ जातीची रॅम घेतें. एलजीए १७०० चें तसें नाहीं. त्याच्या कांहीं पाट्या डीडीआर४ घेतात, कांहीं डीडीआर५. दोन्ही जातींच्या पट्ट्यांस संपर्कबिंदु २८८ च असतात, परंतु मधली खांच निराळ्या जागीं असते, म्हणून एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. पाटी घेतांना तिच्यावर कोणती जात लिहिलेली आहे हें डोळ्यांनीं वाचावें. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर सोडूं नये. ताईच्या जुन्या यंत्रांत डीडीआर४ च्या ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या होत्या, चांगल्या चालत्या.

एरवीं ही गोष्ट किरकोळ ठरली असती. पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर झपाट्यानें चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं जीं प्रचंड संगणकगृहें उभीं राहत आहेत तीं रॅम गिळूं लागलीं. जगांतील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्या करतात. त्यांनीं आपला माल अधिकाधिक तिकडे वळविला. मायक्रॉननें तर डिसेंबर २०२५ मध्यें 'क्रूशल' हा घरगुती ग्राहकांसाठींचा आपला व्यवसाय बंद करण्याचें जाहीर केलें. परिणामीं आमच्या भाच्यानें गणपतीच्या सुमारास काढून ठेवलेला डीडीआर५ चा भाव दिवाळीनंतर वाचून दाखविण्याची सोय राहिली नाहीं. घरांतल्या दोन जुन्या पट्ट्या एकाएकीं दागिन्यासारख्या मोलाच्या झाल्या.

दोन्ही घराण्यांतील दुखणींहि सांगितलीं पाहिजेत. सोयरिकींत तीं झांकूं नयेत. २०२३ सालीं रायझन ७८००एक्स३डी या प्रोसेसरांपैकीं कांहीं पाटीच्या बैठ्यासकट जळाल्याच्या तक्रारी आल्या. एका अंतर्गत भागास पाटीकडून प्रमाणाबाहेर व्होल्टेज जात होतें. एएमडीनें त्यास १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे बदल बायॉसमध्यें करविले. पुढच्या वर्षीं, २०२४ मध्यें, इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत अस्थिरता दिसूं लागली. वाढीव व्होल्टेजनें ते हळूहळू झिजत होते. इंटेलनें ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्यें दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले आणि अशा प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनीं वाढविली. त्या यादींत आय५-१३६००के व १४६००के आणि त्यांवरचे आय७, आय९ होते; आय५-१४४०० नव्हता. दोन्ही प्रकरणांतून घ्यावयाचा बोध एकच: नवी पाटी घरीं आली कीं प्रथम बायॉस अद्ययावत् करून घ्यावा, आणि बिल जपून ठेवावें.

येथें माझा एक मूर्खपणा सांगून टाकतों. कांहीं वर्षांपूर्वीं स्वतःसाठीं यंत्र जुळवितांना मीं थोडे पैसे वांचविण्याकरितां नांवाच्या शेवटीं 'एफ' अक्षर असलेला प्रोसेसर घेतला. सारें जोडलें, पंखे फिरूं लागले, पण पडदा काळा तो काळाच. रात्रभर मीं तारा काढल्या आणि घातल्या. 'एफ' याचा अर्थ त्या प्रोसेसरांत चित्र उमटविणारा भाग चालू नाहीं, त्यास निराळें ग्राफिक्स कार्ड लागतें, हें मीं पेटीवर वाचलेंच नव्हतें. वांचविलेल्या रकमेच्या कितीतरी पट दुसऱ्या दिवशीं कार्डापायीं गेली. हें अक्षर आतां दोन्ही कंपन्या वापरतात. आमच्या दोन्ही स्थळांत तें नव्हतें. आय५-१४४०० व रायझन ५ ७६०० या दोहोंतहि साध्या कामापुरता चित्रभाग आहे. भारी खेळांस व मोठ्या त्रिमितीय चित्रांस मात्र दोहोंचाहि तो अपुराच पडतो.

आतां निकाल. मीं ताईला विचारलें, "२०१७ पासून हा डबा किती वेळां उघडलास?" ती म्हणाली, "दोनदां. एकदां रॅम वाढवली, एकदां धूळ काढली." आठ वर्षांत तिनें प्रोसेसर बदलला नव्हता, आणि बदलावा असें तिच्या मनांतहि आलें नव्हतें. एएम५ चें मोठें बळ पुढें प्रोसेसर बदलतां येण्यांत आहे. आणि त्या बळाची किंमत तिला महागड्या नव्या रॅमच्या रूपानें आजच मोजावी लागणार होती. न वापरावयाच्या सोयीसाठीं आज पैसे देणें म्हणजे कधींच न चढावयाच्या माडीसाठीं जिना बांधणें. मीं आय५-१४४००, डीडीआर४ घेणारी पाटी आणि जुन्याच दोन पट्ट्या असा कौल दिला. जुन्या पट्ट्यांची गति नव्यांहून मंद, म्हणून प्रोसेसर आपल्या पूर्ण तेजानें चालणार नाहीं, हेंहि मीं तिला आधींच सांगितलें. वांचलेल्या पैशांतून वीज गेल्यास पानें वांचविणारा यूपीएस आला, आणि हस्तलिखितांच्या प्रती ठेवण्यास एक बाहेरची डिस्क आली.

भाचा हिरमुसला. "म्हणजे मामा, माझें म्हणणें चुकलें?" त्याला मीं जें सांगितलें तेंच आपणांसहि सांगतों. त्याचें चुकलें नव्हतें. घरांत जुनी रॅम नसती आणि पाटी व रॅम सारेंच नवें घ्यावयाचें असतें, तर मींहि एएम५ चाच कौल दिला असता. कारण मग बचत उरली नसती आणि उरला असता तो लवकर संपणारा जिना. खेळ खेळणाऱ्या आणि दोन-तीन वर्षांनीं हौसेनें प्रोसेसर बदलणाऱ्या मुलासहि तेंच योग्य. माझ्या स्वतःच्या मेजावर आज रायझनच आहे. पण हा संगणक घेतला जात होता ताईच्या पैशांनीं आणि ताईच्या पोटासाठीं. तिसऱ्या वर्षीं मुलास अधिक बळ लागलें तर त्याच पाटीवर ग्राफिक्स कार्ड चढवितां येईल. एवढें ऐकल्यावर त्याची समजूत पटली. पटली नसली तरी जोडणीच्या दिवशीं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढें बसला तो तोच.

त्या जोडणींतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एएम४ पर्यंत एएमडीच्या या प्रोसेसरांस खालून पिना असत, एकूण १३३१. एएम५ पासून पिना सॉकेटांत आल्या, इंटेलमध्यें तर त्या २००४ पासून तेथेंच आहेत. केसासारख्या या पिनांवर बोट टेकलें किंवा स्क्रू पडला तर पाटी गेलीच म्हणून समजावें. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटावरील त्रिकोणाशीं जुळवून तो अलगद ठेवावयाचा, दाबावयाचा नाहीं. सॉकेटावरील प्लॅस्टिकचें झांकण फेकूं नये. पाटी हमींत परत करावयाची वेळ आली तर तें लागतें.

माझा वेळ संपत आला. जातां जातां दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरींच विचारावयाचे चार प्रश्न सांगतों. या यंत्रावर दिवसाचे अधिक तास कोणतें काम होणार? जुन्या यंत्रांतील रॅम, डिस्क, पेटी यांपैकीं काय उपयोगीं येईल? गेल्या यंत्राचा प्रोसेसर आपण कधीं बदलला होता काय? आणि ज्या पाटीवर बोट ठेवलें आहे तिचें बैठें व तिच्या रॅमची जात कोणती? या चार उत्तरांचा कागद खिशांत घेऊन जा. मग दुकानदारानें प्रोसेसरचें नांव घेतलें कीं पाटीचें नांव विचारा, आणि पाटीचें नांव सांगितलें कीं रॅमची जात विचारा.

ताईनें त्या सोमवारीं पानें वेळेवर दिलीं.